बारा इंची सबवूफरचा बॉक्स: बंद करावा की पाइपचा?

तुझा प्रश्न थोडक्यात असा: गाडी स्विफ्ट, बारा इंची सबवूफर (फक्त खालचे, जड सूर वाजवणारा स्पीकर), ४०० वॅट आरएमएस (सतत पेलेल एवढी ताकद), चार-चार ओहमच्या दोन कॉइल. बेळगावातून पाइपवाला, म्हणजे हवा आत-बाहेर जायला पाइप बसवलेला, तयार बॉक्स घेतलास. त्यात बेस एकाच सुरात घुमतो, ढोल आणि बेस गिटार वेगळे कळत नाहीत, आवाज वाढवला की स्पीकरचा कोन (पुढे-मागे हलणारा पडदा) फडफडतो. आता खानापुरातल्या ओळखीच्या सुताराकडून नवा बॉक्स करून घ्यायचाय, आणि बंद करू की पाइपचा, एमडीएफ (लाकडाचा बारीक भुसा दाबून केलेली फळी) की प्लाय, माप काय, हे विचारलंयस. शेवटी 'काका, डॉल्बीसारखा बेस पाहिजे' असंही लिहिलंयस. स्पीकरच्या कागदावरचे आकडे आणि जुन्या बॉक्सची मापं दिलीस हे फार चांगलं केलंस, कारण आता अंदाजाने बोलायची गरज उरली नाही.

स्पीकर बदलू नकोस. अँपही (अँप्लिफायर) बदलू नकोस. दोन्ही ठीक आहेत. बॉक्स तुझ्या स्पीकरसाठी बनलेलाच नाही, एवढीच अडचण आहे.

जुन्या बॉक्सचं आधी बघू, कारण नवा कसा करायचा हे त्यातूनच कळतं. तुझ्या मापांवरून आतली जागा ४० लिटरच्या आसपास येते. पाइपचा आतला व्यास १० सेंटिमीटर आणि लांबी १२ सेंटिमीटर. पाइपच्या बॉक्समध्ये पाइपातली हवा आणि डब्यातली हवा मिळून एक ठरावीक सूर धरतात. डबा मोठा केला किंवा पाइप लांब केला की सूर खाली जातो, पाइप रुंद केला की वर चढतो. ही तीन मापं सूत्रात घातली की तुझ्या बॉक्सचा सूर ५५ हर्ट्झला, म्हणजे सेकंदाला ५५ कंपनांवर, निघतो. म्हणजे ५५ च्या आसपासचं जे काही गाण्यात येईल ते दुप्पट जोराने ऐकू येणार, मग ते ढोलाचं असो नाहीतर गिटारचं. 'एकाच सुरात घुमतो' हे तुझं वर्णन अगदी बरोबर आहे. फडफडीचं कारणही तिथेच आहे. ज्या सुरावर पाइप बांधलाय त्याच्या खाली गेलं की आतल्या हवेचा कोनला आधारच राहत नाही. ३५-४० हर्ट्झचा ठोका आला की कोन मोकाट पुढे-मागे धावतो. आवाज वाढत नाही, पण कॉइल आणि सस्पेन्शनवर (कोनला धरून ठेवणाऱ्या लवचीक भागावर) सगळा मार बसतो. असं बरेच दिवस वाजवलं तर स्पीकर जाणार, आणि मग दोष स्पीकर बनवणाऱ्याला मिळणार.

तयार बॉक्स असे का असतात? दुकानाच्या दारात गाडी उभी करून वाजवलं की ५५-६० हर्ट्झचा बेस छातीत बसतो आणि गिऱ्हाईक खूश होतं. शिवाय छोटा डबा आणि आखूड पाइप कुठल्याही डिकीत मावतो. पाइप लांब करून तोच सूर ३४ हर्ट्झवर आणायचा म्हटलं तर त्या ४० लिटरच्या डब्यात जवळपास ४४ सेंटिमीटर पाइप लागतो. एवढी खोली त्या डब्याला नाहीच.

मग पाइपचाच मोठा बॉक्स करावा का? हिशोब करून बघूया. ५५ लिटर आतली जागा, सूर ३४ हर्ट्झ, १० सेंटिमीटरचा एक पाइप: लांबी ३० सेंटिमीटरच्या जवळ येते. ऐकायला सोपं वाटतं. पण ४०० वॅटवर बारा इंची कोन जेवढी हवा ढकलतो तेवढी त्या एका पाइपातून सुखाने जात नाही, तोंडाशी फुसफुस ऐकू येते. दर २८ लिटरमागे १२ ते १६ चौरस इंच तोंड ठेवावं असा कामातला ठोकताळा आहे. तुझ्या एका पाइपचं तोंड आहे सगळं मिळून १२ चौरस इंच, आणि डबा २८ लिटरच्या दुप्पट. दोन पाइप लाव म्हटलं तर प्रत्येकाची लांबी ६७ सेंटिमीटर होते. ती वळवून, फळ्यांची खाच करून बसवता येते, पण बॉक्स एवढा वाढतो की स्विफ्टच्या डिकीत पिशवी ठेवायला जागा राहायची नाही. मोठ्या सेडानला किंवा एसयूव्हीला मी आनंदाने पाइपचा बॉक्स सुचवतो. तुझ्या गाडीला नाही.

म्हणून बंद बॉक्स. आणि ही तडजोड समजू नकोस. तुझ्या स्पीकरचा क्यूटीएस, म्हणजे कोनचं हलणं स्पीकर स्वतः किती आवरतो याचा आकडा, ०.४५ आहे. साधारण ०.४ च्या वरचे स्पीकर बंद डब्यात चांगले वागतात. दुसरं असं की छोट्या गाडीची केबिन स्वतः बेस वाढवते. साधारण ६०-७० हर्ट्झच्या खाली लाटेची लांबी केबिनपेक्षा इतकी मोठी होते की आतल्या सगळ्या हवेचा दाबच कमी-जास्त होऊ लागतो. त्यामुळे जितकं खाली जाशील तितकी केबिन मदत करते. बंद बॉक्सचा आवाज खाली उतरत जातो, केबिन तो उचलून धरते. काचा, दारं, पत्रा थोडं हलतात, त्यामुळे कागदावर येतो तेवढा फायदा पूर्ण मिळत नाही. तरी मिळतो तो भरपूर आहे.

आता माप. तुझे आकडे: एफएस (मोकळ्या स्पीकरचा स्वतःचा सूर) २८ हर्ट्झ, क्यूटीएस ०.४५, व्हीएएस (सस्पेन्शनइतकीच लवचीक असलेली हवा) ६० लिटर. व्हीएएसला बॉक्सच्या लिटरने भाग, त्यात १ मिळव, वर्गमूळ काढ आणि त्याला क्यूटीएसने गुण. उत्तर ०.७ च्या आसपास आलं की बेस सपाट आणि नेमका येतो. ४१ लिटर घातलं की ०.७१ येतं. त्याच वर्गमूळाने एफएसला गुणलं की बॉक्ससकट स्पीकरचा सूर कळतो: ४४ हर्ट्झ. हेच तू २० लिटरच्या डब्यात घातलंस तर ०.९ आणि ५६ हर्ट्झ, म्हणजे पुन्हा घुमणं आलं. उलट ३६ लिटर झालं काय आणि ४५ झालं काय, आकडा ०.७३ ते ०.६९ एवढाच हलतो, कानाला फरक कळत नाही. सुताराच्या हातून एखादं सूत इकडेतिकडे झालं तर जीव खाली-वर करू नकोस. बंद बॉक्स मापाला माफ करतो. फटीला मात्र अजिबात माफ करत नाही.

४१ लिटर ही निव्वळ हवा झाली. स्पीकरचं मॅग्नेट आणि बास्केट आत साधारण २ लिटर खातं, आतल्या आधाराच्या पट्ट्या दीड लिटर धर. म्हणजे ४४.५ लिटरची पोकळी हवी. आतून रुंदी ४५, उंची ३३, खोली ३० सेंटिमीटर घे, गणित जुळतं. फळ्या १८ एमएमच्या. पुढची आणि मागची फळी ४८.६ बाय ३६.६ सेंटिमीटर, पुढच्या मापाची आणखी एक. वरची आणि खालची ४८.६ बाय ३०. दोन्ही बाजू ३३ बाय ३०. एवढ्याला आठ बाय चारची अर्धी शीट पुरते. सुताराला मापं देताना 'आतलं माप' आणि 'बाहेरचं माप' असं तोंडी सांगू नकोस, प्रत्येक फळीचं माप मिलिमीटरमध्ये कागदावर लिहून दे. आपल्याकडचे सुतार इंच आणि सुतात विचार करतात, आणि १८ एमएमला सवयीने पाऊण इंच धरतात. कपाटाला ते चालतं. इथे सहा फळ्या एकमेकींना टेकायच्या असतात, तेव्हा कोपऱ्यात फट पडते.

चौकोनी बॉक्स करू नये, आत लाटा अडकतात, असं कुणी सांगेल. सबवूफरला ते लागू नाही. ५० हर्ट्झची लाट जवळपास ७ मीटर लांब असते, तिला ३० सेंटिमीटरचा डबा दिसतही नाही. आकार डिकीला सोयीचा ठेव. स्विफ्टची मागची सीट कललेली असते, म्हणून मागची फळी तिरकी केलीस तर जागा वाचते: खाली खोली ३५, वर २५, सरासरी तीच ३०. पोकळी तेवढीच राहते. फक्त मॅग्नेटच्या मागे चार बोटं तरी जागा सुटली पाहिजे, नाहीतर त्याला श्वास घेता येत नाही.

लाकडाचं. बॉक्ससाठी एमडीएफ चांगलंच असतं: जड, सगळीकडे एकसारखं, कापायला सोपं. गाडी कायम बेळगाव शहरात आणि छपराखाली राहणार असती तर मी एमडीएफला हो म्हटलं असतं. पण तू राहतोस खानापूर तालुक्यात. जांबोटी-कणकुंबीकडचा पाऊस आणि त्यानंतरची महिनोन्महिने न जाणारी ओल तुला माझ्यापेक्षा चांगली माहीत आहे. डिकीत ओली छत्री, ओला रेनकोट, मागच्या दाराच्या रबरातून झिरपलेलं पाणी, हे सगळं एमडीएफच्या कापलेल्या कडेला लागलं की कड फुगते, आणि एकदा फुगलेली कड पुन्हा बसत नाही. स्क्रूची पकड जाते, सांधा उघडतो. म्हणून तुला प्लायच, आणि तेही आयएस ७१० छापाचं मरीन प्लाय. स्वस्त प्लायमध्ये मधल्या थरांत पोकळ्या राहिलेल्या असतात. त्या बेसच्या ठोक्याला खडखडतात आणि तिथून हवाही पळते. दुकानात शीटची कड उजेडाकडे धरून बघ, थरांमध्ये काळ्या फटी दिसल्या तर ती शीट नको. मग बोटाच्या पेरांनी सगळीकडे ठोकत जा. आवाज एकदम पोकळ झाला की तिथे आत भोक आहे असं समज.

पुढची फळी दुहेरी कर, म्हणजे ३६ एमएम होईल. स्पीकरचा सगळा धक्का तिच्यावर येतो. दुसरी फळी बाहेरून चिकटव, म्हणजे आतलं माप बदलत नाही. आतल्या फळीला कागदावर दिलेल्या कटआउटच्या मापाचं भोक आणि बाहेरच्या फळीला स्पीकरच्या पूर्ण व्यासाचं, असं केलंस की स्पीकर फळीत बुडून सपाट बसतो. दिसायला सुंदर, आणि सामान ठेवताना घासत नाही. ही दोन भोकं जिगसॉने हातावर कापली तर वाकडी होतातच. बेळगाव जवळ असल्याचा फायदा घे: तिथल्या उद्यमबागेत फाउंड्रीसाठी लाकडी पॅटर्न करणारे कारागीर आहेत, त्यांचा हात मिलिमीटरच्या आत चालतो. पुढच्या दोन फळ्या त्यांच्याकडून गोल कापून घे, बाकीचं काम खानापुरात होऊ दे.

जोडणीत घाई करू नको. प्रत्येक कडेला पाण्यात न सुटणारा फेविकॉल पूर्ण लांबीभर लाव, थेंब-थेंब नव्हे. क्लॅम्प आवळल्यावर सांध्यातून फेविकॉल सगळीकडे सारखा बाहेर आला पाहिजे. जिथे येत नाही तिथे फट आहे. गुण्या लावून काटकोन तपास, मग आधी बारीक ड्रिल मारून दर पाच-सहा इंचांवर स्क्रू. ड्रिल न मारता स्क्रू ठोकला की प्लायची कड चिरते. मागच्या फळीला आतून मधोमध एक उभी पट्टी, वर-खाली टेकणारी, आणि सगळ्या कोपऱ्यांत लाकडी पट्ट्या. आतल्या बाजूने सांध्यांवर फेविकॉलमध्ये कालवलेला बारीक भुसा बोटाने दाबून भर. सिलिकॉन वापरायचं झालं तर आंबट वासाचं घेतलंस की ते पूर्ण वाळायच्या आत स्पीकर बसवू नकोस, त्या वाफा बंद डब्यात कोंडल्या तर स्पीकरच्या धातूला आणि फोमला बाधतात. पूर्ण एक दिवस तरी उघडा ठेव. स्पीकरला लाकडी स्क्रूऐवजी टी-नट (फळीत मागून ठोकून बसवायचा धातूचा नट) आणि बोल्ट लाव. तो आयुष्यात चार वेळा तरी काढावा लागतो, आणि लाकडातली आटी प्रत्येक वेळी सैल होत जाते.

हवाबंद झालंय की नाही हे बघायची सोपी युक्ती आहे. बॉक्स अंगणात न ठेवता वारा नसलेल्या खोलीत ठेव, मोबाईलवरून ४० हर्ट्झचा सलग सूर या स्पीकरवर मध्यम आवाजात वाजव, आणि पेटलेली उदबत्ती प्रत्येक सांध्यावरून, टर्मिनलच्या (वायर जोडायच्या जागेच्या) कडेने, स्पीकरच्या गॅस्केटभोवती सावकाश फिरव. जिथे गळती आहे तिथे धुराची सरळ रेघ एकदम थरथरून तुटते. टर्मिनलच्या प्लास्टिक वाटीपाशी हे बऱ्याचदा होतं, कारण सगळे फळ्यांकडे लक्ष देतात आणि तिला नुसते चार स्क्रू मारून मोकळे होतात. वाटीखाली फोमची पट्टी घाल.

आत पॉलिस्टरचा कापूस भर, साधारण ३५० ते ६०० ग्रॅम, पिंजून मोकळा. बॉक्स असल्यापेक्षा थोडा मोठा असल्यासारखा वागतो आणि बेस जरा मऊ होतो. सावरीचा कापूस नको, तो दबून गोळा होतो. कापूस मॅग्नेटच्या मागच्या भोकात जाऊ नये म्हणून तिथे जाळीचं कापड लाव.

वायरिंगचं थोडक्यात. दोन्ही कॉइल समांतर जोडल्यास की दोन ओहम होतात. अँप दोन ओहमला चालतो असं त्याच्या कागदावर लिहिलेलं असेल तरच तसं कर. ४०० वॅटला बॅटरीतून ३५-४० अँपिअर ओढले जातात, म्हणून चार गेजची शुद्ध तांब्याची वायर. बाजारात तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियमची वायर तशाच दिसणाऱ्या वेष्टनात मिळते. एक तार ब्लेडने खरवडून बघ, आत पांढरी निघाली तर परत कर. फ्यूज बॅटरीपासून ४५ सेंटिमीटरच्या आत बसलाच पाहिजे. हे मी हात जोडून सांगतो, कारण वायर पत्र्याला घासून शॉर्ट झाली तर गाडी पेटते, आणि फ्यूज मागे अँपपाशी असेल तर तो काही वाचवू शकत नाही. अर्थिंगला रंग पूर्ण खरवडून कोऱ्या पत्र्यावर बोल्ट.

डिकीत स्टेपनी खाली असते हे विसरू नको. स्पीकरसकट हा बॉक्स २० किलोच्या पुढे जातो. चोर्ला घाटात पंक्चर झाली तर तो एका माणसाने, पावसात, काढता आला पाहिजे. म्हणून बॉक्सची वायर ओढून सुटणाऱ्या प्लगवर ठेव, आणि बॉक्स पट्ट्याने घट्ट बांध. मोकळा ठेवायचा नाही. जोरात ब्रेक लागला किंवा धडक झाली की तोच बॉक्स मागच्या सीटवर जातो, आणि तिथे घरची माणसं बसलेली असतात. क्लिप लावायला डिकीच्या पत्र्यात ड्रिल मारायचं असेल तर गाडीखाली जाऊन, खाली टाकी किंवा ब्रेकची नळी नाही ना, हे डोळ्यांनी बघितल्याशिवाय ड्रिल चालू करू नकोस.

आता तुझं डॉल्बीचं. बेळगावच्या शिवजयंतीच्या मिरवणुकीत जो बेस अंगावर येतो, तो उघड्या रस्त्यावर लांबपर्यंत जावा म्हणून केलेल्या मोठमोठ्या पेट्यांचा असतो. तिथे छत नाही, भिंत नाही, केबिनची मदत नाही, म्हणून त्या पेट्या कमी वॅटमध्ये जास्त जोर देतील अशाच बांधतात. फार खोल सुराची त्यांना गरजही नसते. ती पेटी गाडीत घातली तर ठोका येईल, पण तबल्याच्या डग्याची ती सरकणारी गमक येणार नाही. तुझ्या बंद बॉक्सात ती येईल. भजनाचं रेकॉर्डिंग लावून ऐक, हाताने पुडी दाबल्यावर सूर कसा वळतो तेही कळेल. आणि काचा बंद ठेवून ऐक. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांत वस्तीसाठी दिवसा ५५ आणि रात्री १० नंतर ४५ डेसिबल एवढीच मर्यादा आहे, आणि आपल्या गल्ल्यांमध्ये घरं रस्त्याला चिकटून आहेत. भिंतीपलीकडे कुणाचं तान्हं झोपलेलं असतं, कुणाची परीक्षा असते.

अँपवर लो-पास (त्या आकड्याखालचेच सूर जाऊ देणारी चाळणी) ८० हर्ट्झला ठेव, बेस बूस्ट शून्यावर. फेजचं बटण दोन्हीकडे करून ड्रायव्हरच्या सीटवर बसून ऐक आणि ज्या बाजूला ठोका भरीव वाटतो तिथे सोड. गेन, म्हणजे अँपचा जोर, शेवटी लाव, आणि पुढच्या दारांच्या स्पीकरला झाकणार नाही एवढाच.

शीट कापायच्या आधी एक काम कर. सीट नेहमीच्या जागी लावून, डिकीच्या तळापासून ३७ सेंटिमीटर उंचीपर्यंत सीटची पाठ किती मागे झुकते ते ओळंब्याने मोज, आणि मागच्या दाराच्या तोंडाची रुंदी आणि उंचीही घे. ही तीन मापं लिहून पाठव, मागच्या फळीचा तिरका काप किती ठेवायचा ते मी काढून देतो. तोवर सुताराला फक्त पुढच्या दोन आणि बाजूच्या फळ्यांचं प्लाय निवडून ठेवायला सांग, कापायला नको.